वर जाणारी बाई, खाली येणारा साहेब

टोपी उडाली ना तुमची? माफ करा, ती मीच उडवली. म्हणजे वारा समुद्राचा, पण तो माझ्या छातीवर आपटतो, सरळ खाली घसरतो आणि फुटपाथवर जो कोणी असेल त्याची टोपी, छत्री, सँडविचचा कागद घेऊन पुढे जातो. ऑस्ट्रेलियातल्या या पर्थ शहराचे लोक या दुपारच्या वाऱ्याला लाडानं 'डॉक्टर' म्हणतात आणि मला मात्र शिव्या देतात. पन्नास वर्षं देताहेत. आणि पन्नास वर्षं त्याच कोपऱ्यावरून जाताहेत.

मी सेंट जॉर्जेस टेरेस या रस्त्यावरचा एकवीस मजल्यांचा टॉवर. आज माझ्या आजूबाजूला माझ्या दुप्पट उंचीचे काचेचे मनोरे उभे आहेत, त्यामुळे तुम्हाला मी जरा ठेंगू वाटेन. वाटू दे. त्यांचं अजून काही घडायचंय. माझं घडून गेलंय.

माझा जन्म झाला तो निकेलच्या वेडात. एकोणीसशे एकोणसत्तर-सत्तरची गोष्ट. लांब पूर्वेला, लाल मातीच्या रानात कुणाला तरी निकेल सापडलं आणि अख्खं शहर जमिनीकडे बघत चालायला लागलं, जणू प्रत्येकाची खाण त्याच्याच बुटाखाली आहे. माझ्या जागी आधी लाकडी सज्जांचं एक जुनं हॉटेल होतं. ते पाडून टाकलं. आमची ओळख झाली नाही, पण माझा पाया खणताना बिअरच्या इतक्या बाटल्या निघाल्या की त्याचा स्वभाव मला कळला.

मला उभं केलं ते इटालियन आणि युगोस्लाव माणसांनी. त्यातला एक नुन्झियो फोती, सिसिलीचा. हात चालायचे त्यापेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं.

मुकादम एकदा वैतागून म्हणाला, "नुन्झियो, गप बस. काँक्रीट तुझं ऐकत बसतंय, सुकायचं विसरेल."

"ऐकू दे की!" नुन्झियो म्हणाला. "उद्यापासून जन्मभर साहेबलोकांचंच ऐकायचंय त्याला. आत्ताच काय ते चार चांगले शब्द कानावर पडू देत."

मी बांधून झालो तेव्हा बाकीचे कामगार दुसऱ्या टॉवरकडे गेले. नुन्झियो गेला नाही. त्यानं माझ्या तळमजल्यावर सँडविच-कॉफीचा एक छोटा गाळा घेतला. बायकोनं विचारलं, हा काय नवा खुळेपणा? तर म्हणाला, "दोन उन्हाळे उन्हात भाजून ही सावली मी तयार केलीय. आता तिच्यात दुसऱ्याला बसू देऊ?"

काचा बसायच्या आधीच एकविसावा मजला रेक्स ड्रुइटनं घेतला होता. कुलारी निकेल नावाच्या कंपनीचा तो मालक. वय चाळिशीला टेकलेलं, खांदे रुंद, आवाज खांद्यांपेक्षा रुंद, आणि पायात पांढरे बूट. त्यानं माझ्या कपाळावर माणसाएवढी अक्षरं ठोकली, 'कुलारी हाऊस'. मला वाटलं, झालं, हे आपलं जन्माचं नाव. लहान होतो मी.

त्याच्याकडे टायपिस्ट म्हणून कोरल हॅडो आली. विशीतली, मिडलंडच्या रेल्वे कारखान्यातल्या फिटरची मुलगी. बोटं इतकी वेगात चालायची की वाक्य संपायच्या आत तिचा पूर्णविराम पडलेला असायचा. जीभही त्याच जातीची.

रेक्सची एक लकब होती. पैसे गुंतवणारे पाहुणे आले की तो त्यांना मोठ्या खिडकीशी न्यायचा, हात लांब करायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "ती धुरकट रेघ दिसतेय? तिच्या पलीकडे आपली खाण."

आणि पाहुणे बघायचे! डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून, काचेला नाक लावून बघायचे. एका जाड्या गृहस्थाला तर दिसलीसुद्धा. "हो हो," म्हणाला, "धूर निघतोय."

ती खिडकी पश्चिमेची. समोर समुद्र. खाण पूर्वेला, दिवसभराच्या प्रवासावर.

पाहुणे गेल्यावर कोरल मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "मिस्टर ड्रुइट, ते रॉटनेस्ट बेट आहे. आणि धूर फेरीबोटीचा."

"अगं कोरल, दिशा महत्त्वाची नसते. नजर महत्त्वाची."

"बरं. मग उद्यापासून मी स्टेशनकडे पाठ करून घरी जाते."

रेक्स गडगडाटी हसायचा. तो वाईट माणूस होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. आपण जे बोलतोय त्यावर त्याचा स्वतःचाच आधी विश्वास बसायचा आणि मग तो इतरांना बोलवायचा. अशी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली. बहुतेक सगळी वरच्या मजल्यांवर.

त्या वर्षी माझ्या पोटात कुणाला दुसरं काही सुचतच नव्हतं. दातांचा डॉक्टर पेशंटचं तोंड उघडं ठेवून शेअरचे भाव विचारायला फोनकडे धावायचा. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना कानात टिपा द्यायची, त्यामुळे अख्ख्या लिफ्टला त्या कळायच्या. नुन्झियो तेवढा कोरडा. "जमिनीतून काय निघतं ते मला माहितेय," म्हणायचा. "मी खणलंय. बाटल्या."

मग एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली. कुलारीच्या जमिनीत खोल भोकं पाडून पाहिली होती. निकेल नव्हतं.

दहाच्या सुमाराला माझ्या प्रवेशदालनात माणसं जमायला लागली. गव्हाच्या पट्ट्यातले शेतकरी, गणवेशातल्या नर्सेस, एक निवृत्त शिक्षक. आरडाओरडा नव्हता. माणसं नुसती उभी होती आणि लिफ्टच्या दाराकडे बघत होती. मला ती शांतता सोसेना.

वर एकविसाव्या मजल्यावर कोरलनं टाइप करायचं थांबवलं होतं.

"मिस्टर ड्रुइट, एक विचारू? ती जागा तुम्ही पाहिलीय ना?"

रेक्स बुटांकडे बघत राहिला.

"कारण मी लोकांना जी पत्रं टाइप केली, त्या प्रत्येकात एक वाक्य आहे. 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.' ते वाक्य माझ्या बोटांना आता पाठ झालंय. म्हणून विचारते."

"तिथं रस्ताच नाहीये गं धड."

"म्हणजे गेला नाहीत."

"विमानातून गेलो होतो ना एकदा! वरून पाहिलं."

"काय दिसलं?"

"ढग होते," रेक्स म्हणाला.

कोरलचा चेहरा मला अजून आठवतो. ती चिडली नव्हती. आपल्याच हातांना काहीतरी चिकटलंय आणि ते कुठे पुसावं कळत नाही, अशी ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

रेक्सनं कोट उचलला. "मागच्या जिन्यानं गल्लीत उतरता येतं ना?"

"येतं," कोरल म्हणाली. "पण तुम्ही लिफ्टनं जाणार आहात. रोज ज्या लिफ्टनं आलात त्याच. खाली माणसं उभी आहेत."

"मी त्यांना काय सांगू?"

"ढग होते, असं सांगा."

आणि तो गेला. हे मी त्याच्या बाजूनं आवर्जून सांगतो, कारण पुढच्या काळात मागच्या जिन्यानं गेलेले साहेब मी बरेच पाहिले. रेक्स प्रवेशदालनात उभा राहिला आणि त्यानं संध्याकाळपर्यंत एकेकाला तोंड दिलं. लोकांनी त्याला नाही नाही ते सुनावलं. त्यानं ऐकलं. शेवटी एक म्हातारी नर्स पुढे आली. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "बूट छान आहेत हो तुमचे." बस, एवढंच म्हणून ती निघून गेली. दिवसभर शिव्या खाऊन ताठ उभा राहिलेला रेक्स त्या वाक्यानं मटकन खाली बसला.

कोरल तोवर टाइपरायटरवर आच्छादन घालून मिडलंडची गाडी पकडायला गेलेली होती.

इथून पुढची माझी गोष्ट म्हणजे या दोघांचा वर-खाली प्रवास. माझ्यात एक वाईट खोड आहे, खरं म्हणजे माझी नाही, माणसांची: ती माणसाची उंची मजल्यावरून मोजतात. नव्या माणसाची ओळख झाली की पहिला प्रश्न, "कितव्या मजल्यावर?" उत्तर विसाच्या पुढचं असलं की हात जरा जास्त वेळ हातात राहतो.

रेक्स खाली यायला लागला. आधी नवव्या मजल्यावर दोन खोल्या. तिथं त्यानं पाण्याच्या गाद्या विकायचा धंदा काढला. गादीत पाणी भरायचं आणि वर झोपायचं, अशी तेव्हाची फॅशन होती. नमुन्याची गादी खिडकीशी ठेवलेली. एका गिऱ्हाइकानं खिशातल्या पेनासकट तिच्यावर अंग टाकलं. आठव्या मजल्यावर करसल्लागार बसत. त्यांच्या इतिहासात प्रथमच त्यांच्याकडे वरून काहीतरी आलं. त्यांनी छत्र्या उघडल्या, पण टेबलं सोडली नाहीत. जून महिना होता, कर भरायचे दिवस.

नवव्यावरून रेक्स तिसऱ्यावर आला. तिसऱ्यावर सूर्यावर चालणारी इस्त्री काढली. ती चालायची, पण दुपारीच. तिसऱ्यावरून तो तळघरात गेला, मोटारी लावायच्या जागेच्या कडेला एक बिनखिडकीची खोली होती तिथं.

मधल्या काळात माझ्या कपाळावरची अक्षरं उतरली आणि एका विमा कंपनीची चढली. विमेवाले सज्जन होते. तपकिरी टाय, तपकिरी फायली, तपकिरी चहा. जगात जे जे वाईट होऊ शकतं त्याचा ते दिवसभर विचार करायचे आणि पाच वाजता अगदी समाधानानं घरी जायचे. माझ्यावर त्यांच्याइतकं प्रेम कुणी केलं नसेल; दर महिन्याला माझे दरवाजे तपासायचे.

आणि कोरल? वर्षभरानं ती परत आली. दोन मैत्रिणी, दोन टाइपरायटर आणि दुसऱ्या मजल्यावर एक खोली. ज्या ऑफिसला टायपिस्ट कमी पडेल त्याला ती मुलगी पाठवायची. तिची एक अट होती आणि ती पाटीवरच लिहिलेली होती: 'आम्ही वाचून मगच टाइप करतो.' लोक हसले. मग बोलवायला लागले. कोरल दुसऱ्यावरून पाचव्यावर गेली, पाचव्यावरून अकराव्यावर. तिच्या मुली माझ्या मजल्यामजल्यावर पसरल्या. कुठल्या साहेबाचं काय चाललंय हे त्याच्या बायकोच्या आधी कोरलला कळायचं, पण तिच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही.

सकाळी लिफ्टमध्ये ती आणि रेक्स कधीकधी एकत्र सापडायचे. तो तिसऱ्यावर उतरणारा, ती अकराव्यावर. दोघंही दारावरच्या आकड्यांकडे बघायचे. लिफ्टमधली माणसं त्या आकड्यांकडे अशी टक लावून बघतात, जणू दोननंतर या वेळी सातही येऊ शकेल. रेक्सचं तोंड उघडायचं, मिटायचं. कोरलचं मिटलेलंच. त्यानं दार धरून ठेवलं तर ती मान हलवायची. एवढाच संवाद. वर्षानुवर्षं. माझ्यासारख्या दगडी माणसालासुद्धा वाटायचं, अरे बोला की काहीतरी, हवेबद्दल तरी बोला.

मग आलं ऐंशीचं दशक. वरच्या मजल्यावर नवे लोक आले. ते कंपन्या विकत घेऊन त्या दुसऱ्या कंपन्यांना विकायचे. त्यात नक्की काय तयार होतं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांनी स्वच्छतागृहात सोनेरी नळ बसवले आणि माझं तिसरं बारसं केलं, 'मेरिडॉन सेंटर'. त्यांच्या शॅम्पेनची बुचं माझ्या छतावर आपटून आपटून तिथं खळगे पडले. सोनेरी नळ गळायचे. पुढे शेअरबाजार कोसळला आणि ते सगळे एका दुपारी निघून गेले. मागच्या जिन्यानं.

एकविसावा मजला ओस पडला. कुणी घेईना. मग कोरलनं घेतला. ज्या कोपऱ्यात बसून तिनं ते वाक्य शेकडो वेळा टाइप केलं होतं, त्याच कोपऱ्यात तिनं आपलं टेबल मांडलं. पहिल्या दिवशी ती खिडकीशी उभी राहून रॉटनेस्ट बेटाकडे बघत होती आणि एकटीच हसत होती.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात टेनिस खेळताना तिचा घोटा मोडला. पायाला प्लास्टर, हातात कुबडी. आणि नेमका त्याच आठवड्यात माझा आगीचा भोंगा वाजला.

लिफ्ट आपोआप बंद झाल्या. माणसं जिन्यानं उतरायला लागली. विमेवाल्यांनी वर्षानुवर्षं सराव करून घेतला होता, त्यामुळे रांग शिस्तीची. चौदाव्या मजल्यावर धूर होता, फार नाही, पण जिन्यात वास भरला होता. कोरलनं मुलींना सांगितलं, "पळा तुम्ही, मी येते मागून." मुलींना वाटलं, सुरक्षेवाले तिला आणतील. सुरक्षेवाल्यांना वाटलं, मुलींनी आणलं. आणि कोरल विसाव्या मजल्याच्या पायरीवर बसून होती. कुबडी हातातून सुटून दोन मजले खाली घरंगळली होती.

मी काय करणार? माझ्याकडे एकवीस मजले आहेत, हात एकही नाही.

खाली रस्त्यावर माणसं झाडांखाली जमत होती. तळघरातून रेक्स वर आला. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली, एकदा, दोनदा. आणि तो वळला आणि आत शिरला. नुन्झियो ओरडला, "ए वेड्या! साठीला आलास, कुठे निघालास?" रेक्सनं ऐकलं नाही. सगळी माणसं खाली उतरत होती आणि तो एकटा त्यांच्या मधून, खांदे घुसवत, वर चढत होता. तळघरात गेल्यापासून तो कधी पहिल्या मजल्याच्या वरसुद्धा गेला नव्हता. सातव्यावर त्यानं कोट टाकला. बाराव्यावर कठडा धरून वाकला. चौदाव्यावर रुमाल नाकाला लावला. मी मनातल्या मनात प्रत्येक पायरी त्याच्यासाठी जरा बुटकी करत होतो.

कोरलनं त्याला पाहिलं.

"मिस्टर ड्रुइट," ती म्हणाली, "तुमचा चेहरा बिटासारखा झालाय. आता तुम्हाला खाली कोण नेणार?"

"श्वास... श्वास घेऊ दे जरा."

"घ्या. बसा इथं." तिनं पायरीवर जागा केली. "माझा पाय मोडलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझी गाडी तळघरात लागत नाहीये आठवडाभर. टॅक्सीतून उतरताना पाहिलं." मग जरा थांबून, "स्वतःच्या डोळ्यांनी."

कोरल हसली. इतकी की तिला ठसका लागला.

तिचा हात त्याच्या खांद्यावर, त्याचा हात कठड्यावर, अशी वरात एकेक पायरी उतरायला लागली. प्रत्येक वळणावर टेकायचं. तिथंच मी ते ऐकलं.

"तू म्हणायला सांगितलंस ते मी सांगितलं लोकांना," रेक्स म्हणाला. "ढग होते म्हणून. पण मग माझ्याच्यानं राहवेना. दोन वर्षांनी गेलो तिथं. गाडीनं, मग पायी."

"कुलारीला?"

"हो. आपल्या हद्दीचा एक खांब आहे. चार शेळ्या होत्या, कुणाच्या कोण जाणे. बसलो तिथं. लाल माती, खडे. खडे मात्र सुंदर होते गं. एक उचलला, खिशात घातला. मग दरवर्षी जायला लागलो."

तळघरात तो काय करतो हे कोरलला माहीत नव्हतं, कारण तिनं कधी विचारलं नव्हतं. तो शाळांना दगड पुरवायचा. मुलांच्या भूगोलाच्या तासासाठी. खोक्यात कापूस घालून, प्रत्येक दगड स्वतः रानात जाऊन उचललेला, आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुठून आणला, त्यात काय आहे, काय नाही. 'काय नाही' ही रेघ दुसऱ्या कुठल्याच दुकानदाराच्या चिठ्ठीवर नसते.

"हे तू मला इतक्या वर्षांत लिफ्टमध्ये सांगू शकत नव्हतास?" कोरल म्हणाली.

तुमच्या लक्षात आलं का? माझ्या आलं. 'मिस्टर' गेला होता, 'तुम्ही' गेलं होतं.

"तू आकड्यांकडे बघत असायचीस," रेक्स म्हणाला.

"कारण तू आकड्यांकडे बघत होतास, रेक्स!"

ते दोघं दारातून बाहेर आले तेव्हा रस्त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. अग्निशमन दलाचा प्रमुख पुढे आला आणि त्यानं आगीचं कारण जाहीर केलं: चौदाव्या मजल्यावरच्या हिशेबनिसांनी टोस्टरमध्ये मनुक्यांचा पाव अडकवून ठेवला होता. नुन्झियो दोन्ही हात आभाळाकडे करून म्हणाला, "कितीदा सांगितलं, खाली माझ्याकडे येऊन खा! घरून डबा आणतात आणि इमारत जाळतात!"

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी कोरल आणि रेक्स नुन्झियोच्या गाळ्यात भेटायला लागले. तो बीटरूट घातलेलं सँडविच खायचा, ती त्याला बिटाच्या रंगावरून चिडवायची. माझ्यातल्या मुलींनी त्यांचं लग्न दहादा तरी जुळवलं. ते झालं नाही. त्यांना भांडायलाच आवडायचं, आणि त्यासाठी गुरुवार पुरत होता. वर्षातून एकदा कोरल त्याच्या जुन्या गाडीतून रानात जायची आणि परत येताना तिच्या साहेबी बुटांना लाल माती लागलेली असायची. प्रवेशदालनाच्या फरशीवर ठसे उमटायचे. मला फार आवडायचे ते.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते झालंही भराभर. कॉम्प्युटर आले आणि टायपिस्ट गेल्या. कोरलनं आपल्या मुलींना नवी कामं शिकवली, शेवटच्या मुलीला नोकरी लावून दिली आणि मग स्वतःचं दार बंद केलं. खाणींचे दिवस पुन्हा आले, या वेळी लोखंडाचे. खाणीत दुरून दिसावेत म्हणून घालतात तसले चमकदार पिवळे शर्ट घातलेले लोक माझ्या गालिच्यांवरून चालायला लागले. ऑफिसात बसून कुठला डंपर अंगावर येणार होता, देव जाणे. माझं चौथं बारसं झालं. मग तेही गेले, शेजारच्या काचेच्या नव्या मनोऱ्यांत. त्या मनोऱ्यांनी माझा समुद्र झाकून टाकला. तो 'डॉक्टर' वारा तेवढा अजून वाट काढून येतो.

रेक्स गेला तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. गुरुवारीच गेला, जेवणानंतर, घरी खुर्चीत. कोरल तळघरातल्या खोलीत आली. तिनं उरलेली खोकी शाळांना पाठवली. एक खोकं मात्र रिकामं होतं, नुसता कापूस. त्याच्या चिठ्ठीवर तिनं रेक्सचं नाव लिहिलं. 'काय आहे' पुढे बरंच लिहिलं. 'काय नाही' पुढे पेन धरून बसली, बसली, आणि ती रेघ तशीच कोरी ठेवली. ते खोकं ती बरोबर घेऊन गेली.

नंतर मी रिकामा होत गेलो. आधी वरचे मजले, मग मधले, मग सगळेच. दिवे लागेनात. माझ्या मालकानं मला पाडायचं ठरवलं. तरी एकदा काँक्रीट किती पक्कं आहे ते बघावं म्हणून माणसं येऊन माझ्या खांबांत भोकं पाडून काँक्रीटचे तुकडे काढून नेऊ लागली. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? ज्या जागेच्या नावानं मी उभा राहिलो तिथं अशीच भोकं पाडली होती आणि काही निघालं नव्हतं.

माझ्यात निघालं. काँक्रीट अजून पक्कं होतं. नुन्झियो तेव्हा नव्वदीजवळ, काठी टेकत बघायला आला. भोकातून निघालेला एक गोल तुकडा त्यानं मागून घेतला. म्हणे, बायकोला स्वयंपाकघराच्या दाराला लावायला काहीतरी जड हवं होतं. त्याच्या घराचं दार आता माझा एक तुकडा उघडं धरून ठेवतो.

मग ठरलं की माझ्यात ऑफिसं नकोत, घरं करायची. भिंती आल्या, स्वयंपाकघरं आली, एका बाजूनं सज्जे लागले. कपाळावरची अक्षरं काढली आणि नवी कुणी लावली नाहीत. नुसता घरनंबर आहे, दारापाशी, तुमच्या हाताला लागेल इतक्या खाली.

आणि एक दिवस कोरल घर बघायला आली. पंच्याहत्तरीची, पांढरे केस, हातात काठी नाही, फक्त एक खोकं. घरं दाखवणारी मुलगी उत्साहात म्हणाली, "एकविसाव्यावरचा फ्लॅट बघा ना मॅडम, सगळ्यात चांगला तोच."

"वर राहून झालंय गं पोरी," कोरल म्हणाली. "मला चौथा दे. झाडांचे शेंडे जिथं खिडकीला लागतात तो."

तिनं तो घेतला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला या वयात प्रथमच कळली. माणसं मी पन्नास वर्षं पाहिली, पण सोमवार ते शुक्रवार, कंगवा फिरवलेली, टाय बांधलेली. शनिवारी माझ्यात कुणी नसायचं. रविवार म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. आणि माणूस झोपतो हे मी फक्त ऐकून होतो. म्हणजे दुपारच्या बैठकांत थोडं पाहिलं होतं, पण तिथं ते नाकबूल करायचे.

आता माझ्यात रविवार असतो. सतराव्यावर एक बाप्या आंघोळ करताना बेसूर गातो. नवव्यावर एक तान्हं बाळ आहे; ते रडायला लागलं की आठव्यावरचे आजोबा छताकडे बघून त्याच्याशी बोबडं बोलतात. सहाव्यावरच्या नव्या जोडप्यानं काल सज्जात टोमॅटोचं रोप लावलं आणि आज तासातासानं बघताहेत, टोमॅटो आला का. पायजम्यातल्या माणसाला कुणी विचारत नाही, कितव्या मजल्यावर राहता. पायजमा घातला की सगळे सारख्याच उंचीचे दिसतात.

आणि चौथ्यावर, जी बाई आयुष्यभर साडेआठच्या ठोक्याला माझ्या दारातून आत आली, ती ऊन गुडघ्यांवर आलं तरी पांघरूण ओढून पडलेली असते. तोंड थोडं उघडं. घोरतेसुद्धा, पण हे तिला सांगू नका.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. तुमची टोपी त्या कोपऱ्यावर कॉफीवाल्याच्या खुर्चीखाली अडकलीय, उचला आणि खुशाल मला शिव्या द्या. पण रविवारी सकाळी इथून गाडीनं जाणार असाल, तर हॉर्न तेवढा वाजवू नका.

माझी माणसं झोपली आहेत.